साठ पानांचं जग कुणी वाचलं नाही, आता खेळणाऱ्यांकडूनच बांधून घ्यावं म्हणतोय. तुम्ही कसं करता?

घाटमाथा | रविवार, रात्री ११:४०

नमस्कार मंडळी. डाइस आणि कागदावरचे रोलप्ले खेळणारे इथे मोजकेच असतील, पण मागे एका धाग्यावर तिघंचौघं सापडले होते म्हणून हा प्रपंच.

आम्ही पाच जण पुण्यात दर रविवारी (म्हणजे महिन्यातून दोनदा, उरलेल्या रविवारी कुणाचं तरी डोहाळजेवण असतंच) तीन वर्षं डी अँड डी (डंजन्स अँड ड्रॅगन्स, आपापलं पात्र घेऊन मिळून गोष्ट रंगवायचा खेळ) खेळतोय. डीएम (गोष्ट आणि जग सांभाळून खेळ चालवणारा) कायम मीच. नवीन कॅम्पेनसाठी (अनेक बैठका चालणारी एक सलग गोष्ट) मी अख्खा मे महिना बसून जग लिहिलं. साठ पानं. सहा राजघराणी, तीनशे वर्षांची वंशावळ, दोन चंद्र, त्या दोन चंद्रांचं पंचांग, अधिक महिना कसा धरायचा इथपर्यंत. ग्रुपवर फाइल टाकली, चार अंगठे आले. पहिल्याच सेशनला एकीने विचारलं, राजाचं नाव काय होतं रे? सांगितलं. अर्ध्या तासाने दुसऱ्याने तेच विचारलं. मग ते राजाला "मोठे साहेब" म्हणायला लागले आणि आता माझ्या तीनशे वर्षांच्या वंशावळीच्या टोकाला मोठे साहेब बसलेत.

राग आला नाही. खरं तर आला थोडा. पण गंमत बघा, त्याच सेशनमध्ये एकाने उगाच बोलता बोलता म्हटलं की माझ्या कॅरेक्टरच्या आत्याची वेशीजवळ खानावळ आहे. बस. ती आत्या, तिची कढी, तिचं उधारीचं खातं, खात्यात कुणाचे किती बाकी, हे सगळ्यांना तोंडपाठ आहे. साठ पानांत आत्या कुठेच नाही.

तेव्हा ठरवलं की पुढचं जग सगळ्यांनी मिळून बांधायचं. गेल्या रविवारी बसलो, मी म्हटलं चला, आपण जग बनवूया, बोला. वीस मिनिटं शांतता. मग एक म्हणाला ड्रॅगन असावेत. दुसरा म्हणाला उडती बेटं. तिसरी म्हणाली बेटांवर लोकल ट्रेन. चौथ्याने पिस्तुलं आणली. शेवटी जे झालं ती भेळ होती, तीही शेव नसलेली. ज्यांनी हे नीट जमवलंय त्यांनी कृपया सांगा.

---

चहाटळ | सोमवार, सकाळी ८:०५

वाचतेय. आत्या झिंदाबाद.

---

वीस_बाजू | सोमवार, दुपारी १:२०

घाटमाथा, "बोला" म्हटलं की माणूस गप्प होतो हे आपल्या सोसायटीच्या मीटिंगमध्येही दिसतं, त्यात तुमच्या मंडळींचा दोष नाही. मोकळं मैदान दिलं की कुणाला पळता येत नाही, आखलेली पट्टी लागते.

आम्ही दोन कॅम्पेनच्या आधी मायक्रोस्कोप खेळलो. बेन रॉबिन्सचा खेळ आहे, २०११ चा, यात डीएम नसतो, डाइस नसतात, एका संस्कृतीचा अख्खा इतिहास तुम्ही खेळून काढता. आधी एका ओळीत इतिहासाचा गाभा ठरवायचा. मग दोन टोकं, सुरुवात कशी आणि शेवट कसा. म्हणजे शेवट आधीच माहीत असतो, साम्राज्य बुडणार आहे हे सगळ्यांना ठाऊक, कसं बुडालं ते मधे भरायचं. मग एक पॅलेट करायची, दोन रकाने, होय आणि नाही. प्रत्येकाने त्यात एकेक घालायचं, जे हवंय ते होयमध्ये आणि जे येईल असं वाटतंय पण नकोय ते नाहीमध्ये. तुमची लोकल ट्रेन आणि पिस्तुलं तिथेच निकालात निघाली असती.

त्यानंतर पाळीपाळीने कार्डं ठेवत जायचं. मोठा कालखंड, त्यात घटना, घटनेत एखादा प्रसंग. प्रत्येक कार्ड उजळ की काळोखी तेही सांगायचं. आणि सगळ्यात महत्त्वाचा नियम, ज्याची पाळी त्याचाच शब्द. मधे सल्ला द्यायचा नाही, "असं केलं तर?" म्हणायचं नाही, मान डोलवून सुचवायचं पण नाही. आमच्यात एक गडी आहे, हुशार, पण सगळ्यांची वाक्यं तोच पूर्ण करतो. पहिला तासभर तो अक्षरशः हाताची घडी घालून तोंडावर बोट ठेवून बसला होता.

आणि आमच्यात एक मुलगी आहे जी चार तासांत चार वाक्यं बोलते. तिची पाळी आली. आम्ही कार्डांसाठी जुन्या लग्नपत्रिका अर्ध्या कापून कोरी बाजू वापरतो, तर तिने गणपतीच्या मागच्या बाजूला लिहिलं, "समुद्राने मीठ द्यायचं बंद केलं." काळोखी. आणि ठेवून दिलं दोन कालखंडांच्या मधे. सगळे बघत बसले. मग पुढचे दोन तास आम्ही फक्त मिठावर खेळलो, मिठागरं ओस पडली, मासे खारवता येईनात म्हणून किनारा उपाशी, मिठाची तस्करी करणारे पुढे सरदार झाले, कुणीतरी समुद्राची माफी मागायला गेलं आणि परत आलं नाही. त्याच्या पुढच्या काळात आमची कॅम्पेन झाली. त्या जगात आजही "मिठाला जागणे" हा कायद्यातला शब्द आहे आणि ते मोडलं तर हात तोडतात.

अजून एक, काळ उलटसुलट भरतो त्यामुळे कुणी तुमचं शहर जाळलं तरी काही बिघडत नाही, तुमच्या पाळीला जळायच्या आधीच्या शंभर वर्षांत जाऊन बसायचं.

---

घाटमाथा | सोमवार, दुपारी १:४८

साष्टांग. मीठ भारी आहे. पण आमच्या पाचांना चार तास बसवून "खऱ्या" खेळाच्या आधी खेळ खेळायला लावणं म्हणजे जेवणाच्या आधी जेवण. जमेल का बघतो.

---

जुना_गडी | सोमवार, रात्री १०:१५

मी विरोधी पक्षात बसतो. वय झालंय, चालेल.

मी बहुतेक वेळा प्लेअर असतो आणि मला जग बनवायचं नसतं, मला ते सापडायला हवं असतं. अंधाऱ्या पायऱ्या उतरून दार ढकललं आणि डीएमने विचारलं "तुला आत काय दिसतं, तूच सांग", की माझी सगळी हवा जाते. आत काय आहे ते मलाच ठरवायचं तर मी पायऱ्या उतरलोच कशाला, वरच बसून सांगितलं असतं.

याला नाव पण आहे, चेगे प्रिन्सिपल. पॉल चेगे नावाच्या गेम डिझायनरवरून पडलंय. सार इतकंच की कॅरेक्टरवरचं संकट आणि त्या संकटातून सुटका, दोन्ही एकाच माणसाने रचली तर खेळायला मजा येत नाही. आपणच कोडं घालायचं आणि आपणच सोडवून टाळ्या पिटायच्या.

"सगळे मिळून" ही फॅशन झालीये असं मला वाटतं. बऱ्याचदा डीएमला तयारी करायची नसते म्हणून तो ते प्लेअरच्या गळ्यात घालतो आणि वर त्याला कोलॅबोरेटिव्ह म्हणतो. (दिवे घ्या, म्हणजे हलकेच घ्या.)

---

साळुंकी | मंगळवार, सकाळी ७:३०

जुना_गडी काका, दिवे घेतले, पण तुम्ही दोन वेगळ्या गोष्टी एकाच पिशवीत भरताय.

दाराआडचं गुपित प्लेअरला विचारायचंच नाही, ते डीएमचं. माझा नियम सरळ आहे, कॅरेक्टरला जे आधीपासून माहीत असणार तेवढंच त्याच्या प्लेअरला विचारायचं. तुम्ही बुटका लोहार खेळताय तर बुटक्यांकडे मयताला काय करतात हे तुमच्या कॅरेक्टरला लहानपणापासून माहितीये, ते मी का ठरवू? पण तुमच्या बापाला कुणी मारलं हे तुमच्या कॅरेक्टरला माहीत नाही, मग ते तुम्हालाही विचारणार नाही. भूतकाळ आणि रीतभात तुमची, पुढचं वळण माझं. चेगेसाहेबांचं उल्लंघन कुठे झालं?

ॲपोकॅलिप्स वर्ल्ड हा खेळ (२०१०, व्हिन्सेंट आणि मेगी बेकर) आणि त्याच्या पावलावर पाऊल टाकून आलेलं डंजन वर्ल्ड, दोन्हींनी हे डीएमच्या कामातच घालून दिलंय, प्रश्न विचार आणि मिळालेली उत्तरं वापर. डंजन वर्ल्डमधलं दुसरं मला फार आवडतं, नकाशा काढ पण त्यात कोऱ्या जागा सोड. घाटमाथा, तुमच्या साठ पानांत कोरी जागा किती होती? मला वाटतं खरी अडचण तीच. भरगच्च घरात पाहुण्याने पिशवी ठेवायची कुठे?

आणि प्रश्न कसा विचारता यावर सगळं आहे. "या शहरात देवळं कशी आहेत?" असं विचारलं तर उत्तर येतं "मोठी आहेत". त्याऐवजी मी विचारते, "तुझ्या आईने तुला कुठल्या देवळाची पायरी चढू दिली नाही?" म्हणजे देऊळ आहे हे मी ठरवलं, मनाई आहे हे पण मी ठरवलं, का ते तो सांगतो. अर्धा प्रश्न आपण भरून द्यायचा. अजून काही माझ्या वहीतले: या गावात कुणाकडून उसनं घ्यायचं नाही असं सगळे म्हणतात? तुमच्याकडे पोर रडायला लागलं की कुणाचं नाव घेऊन भीती घालतात? शेवटचा पूर आला तेव्हा तुझ्या घरातलं काय वाहून गेलं?

पुराच्या प्रश्नाला एकाने सांगितलं, "दार. फक्त दार वाहून गेलं, बाकी सगळं जागेवर." मी लिहून घेतलं. सात सेशननंतर नदीच्या खालच्या अंगाला एका माळावर नुसतं दार उभं होतं, चौकटीसकट. त्याचा चेहरा बघण्यासारखा होता. तेव्हा काका, त्यानेच सांगितलेली गोष्ट त्याला सापडली आणि तरी तो दचकला.

---

जुना_गडी | मंगळवार, सकाळी ९:१०

दार चांगलं आहे. अर्धा मुद्दा मागे घेतो, अर्धा ठेवतो.

---

मालवणी_मासा | मंगळवार, दुपारी ३:३०

मी मायक्रोस्कोप नाय खेळलंय पण द क्वायट इयर खेळलंय, ॲव्हरी आल्डरचो, २०१३ चो. घाटमाथा, तुझ्या मंडळींका ह्योच बरो पडात कारण बोलूचा कमी आणि चित्र काढूचा जास्त. (बाकीचं प्रमाण भाषेत लिहितो, नायतर ॲडमिन ओरडतील.)

मधे एक मोठा कागद, एक पत्त्यांचा कॅट. तुम्ही सगळे मिळून एक वस्ती आहात, कुणी एक माणूस नाही. प्रत्येक पान म्हणजे एक आठवडा, बावन्न पानं, वर्ष. बदाम वसंत, चौकट उन्हाळा, किलवर शरद, इस्पिक हिवाळा. पान उलटलं की त्यावरचा प्रश्न, त्याचं उत्तर नकाशावर काढायचं, मग काहीतरी नवीन शोध लावायचा किंवा एखादं काम काढायचं किंवा चर्चा बोलवायची. चर्चेत प्रत्येकाने एकदाच बोलायचं आणि निर्णय काहीच होत नाही, आमच्या ग्रामसभेसारखंच. कुणी तुम्हाला न विचारता काही केलं तर तुम्ही गुपचूप एक तिरस्काराचं टोकन उचलून समोर ठेवायचं. आम्ही चिंचोके वापरले. आणि इस्पिकचा राजा निघाला की फ्रॉस्ट शेफर्ड येतात आणि खेळ तिथल्या तिथे संपतो. ते कोण, हे नियमात सांगितलेलंच नाही.

आम्ही ऋतू फिरवून घेतले, शेवटचा पावसाळा केला. दर्याकाठची वस्ती. तिसऱ्या आठवड्यात प्रश्न आला की लोक कशाला घाबरतात, माझी पाळी होती, मी म्हटलं आमचं गाव दर चार वर्षांनी तीन दिवस रिकामं करावं लागतं. बाकीचे म्हणाले काय डोकं चालतं रे तुझं. म्हटलं बाबांनो डोकं नाय चालवलंय, ही गावपळण आहे, मालवण तालुक्यात आचऱ्याला होते, देवाचा कौल घेतात आणि मग पोरंबाळं, गुरंढोरं, कोंबडी कुत्री सगळ्यांना घेऊन माणसं वेशीबाहेर राहुट्या टाकून तीन दिवस तीन रात्री राहतात. परत यायला पण कौल लागतो. मग आमच्या खेळात एक जण म्हणाला, आणि या वेळी कौलच मिळत नाहीये. आईशप्पथ काटा आला अंगावर. रिकामं गाव समोर दिसतंय, दिवा नाही, आणि आत जायची परवानगी नाही, वर पाऊस तोंडावर. तिथेच खेळ थांबवला आणि पुढच्या आठवड्यापासून त्याच राहुट्यांत कॅरेक्टर बनवून कॅम्पेन सुरू केली.

अवांतर: ते इम्प्रोवाले (ऐनवेळी सुचेल ते नाटक करणारे) "येस अँड" म्हणतात ना, समोरच्याचं मान्य करून त्यात भर घालायची, त्याला आमच्याकडे आधीपासून शब्द आहे. गाऱ्हाण्यात कसं, एक जण देवाला घालतो आणि बाकी सगळे म्हणतात व्हय म्हाराजा. आमच्या टेबलावर आता तोच नियम. कुणी काही जगात घातलं की सगळे "व्हय म्हाराजा", आणि एखादी गोष्ट कुणाच्याच घशाखाली उतरत नसेल तर कुणी म्हाराजा म्हणत नाही, घालणाऱ्याला आपोआप कळतं.

---

चहाटळ | मंगळवार, दुपारी ३:४१

व्हय म्हाराजा! हसून हसून पुरेवाट. हे आजपासून ऑफिसात.

---

सातासमुद्रा | मंगळवार, रात्री ११:५५

मी लीड्समध्ये, टेबलावर मराठी मी एकटीच. एक वेगळी अडचण सांगते. माझी पाळी आली की सगळे असे आशेने बघतात की आता हत्ती येणार, मसाले येणार, आठ हातांची देवी येणार. म्हणजे मी प्लेअर नसून टेबलाचा भारत-कोश. पहिल्या वेळी मी मुद्दाम नगरपालिका घातली आणि पाण्याच्या टँकरची वेळ. थोडे हिरमुसले.

पण एकदा जीएमने (म्हणजे डीएमच) फार चांगला प्रश्न विचारला, तुमच्या लोकांत घर या अर्थाचा कुठला शब्द आहे ज्याचं भाषांतर होत नाही. मला आजोबांची पांढरी आठवली. गावठाणाची माती पांढरी आणि शेताची काळी, म्हणून गाव म्हणजे पांढरी आणि शिवार म्हणजे काळी. यॉर्कशरच्या दोघांना ते इतकं आवडलं की त्यांनीच त्याच्यावर बांधत नेलं, पांढरीवर उभं राहून घेतलेली शपथ मोडता येत नाही, काळीवर उभं राहून माणूस खोटं बोलू शकतो, म्हणून सगळे सौदे काळीत जाऊन करतात! आता आमच्या टेबलावर कुणी बनवाबनवी करायला लागलं की दुसरा विचारतो, व्हेअर आर यू स्टँडिंग. आजोबांना फोनवर सांगितलं तर म्हणाले आमच्यात उलट होतं, खोटं सगळं चावडीवर बोलायचे.

---

तिरकीरेघ | बुधवार, दुपारी १२:१०

पांढरीचा विषय निघालाच आहे तर हे लिहूनच टाकते, बरेच दिवस मनात होतं.

गेल्या वर्षी मी पण "युरोपचे किल्ले पुरे, आपल्याकडचं जग बांधू" म्हणून बसले. सहा जण, मोठा कागद. वेस काढली, चावडी, पार, बारव, शिवेवर म्हसोबा. मजा येत होती. घाटवाटही काढली, वर जकातीचा दगडी रांजण, नाणेघाटात आहे तसा. मग एकाने बलुतेदार लिहायला घेतले, सुतार, लोहार, कुंभार, न्हावी, परीट. तेव्हा आमच्यातल्या एकाने शांतपणे विचारलं, "आणि गावकुसाबाहेर कोण राहतं?"

टेबल गार. मी जीएम, मी घाईघाईत म्हटलं, आपल्या जगात जात नाहीये. तो म्हणाला, "बरं. मग लोहाराचा मुलगा लोहारच का आहे?" कागदावर खरंच तसं लिहिलेलं होतं, माझ्याच अक्षरात.

मी खेळ थांबवला, चहा टाकला. खरं तर हे बोलणं आधी व्हायला हवं होतं. लाइन्स आणि व्हेल्स म्हणून जी पद्धत आहे, रॉन एडवर्ड्सने मांडलेली, की लाइन म्हणजे ही गोष्ट खेळात येणारच नाही आणि व्हेल म्हणजे असेल पण पडद्याआड, ती आम्ही हाणामारीसाठी आणि लहान मुलांवरच्या अत्याचारासाठी वापरतो, पण आपलं गाव काढताना ती लागेल हे माझ्या डोक्यातच आलं नाही. आलं नाही याचं कारण मला त्या प्रश्नाची कधी झळ लागली नाही, हे पण खरं.

त्याला विचारलं तुला काय हवंय. म्हणाला, रविवारी मला हे नको, सोमवार ते शनिवार आहेच, पण नुसतं नाही म्हणून पुसायचं असेल तर नीट पुसा. म्हणजे जन्मावरून काम ठरत नसेल तर मेलेलं जनावर कोण ओढून नेणार ते सांगा. मग आम्ही तासभर त्या एका प्रश्नावर बसलो. ठरलं ते असं की दर पाडव्याला गावातल्या सगळ्या घरांच्या चिठ्ठ्या एका मडक्यात, ज्याचं घर निघेल त्याच्याकडे वर्षभर ते काम, पाटलाचं निघालं तर पाटलाकडे. आणि लगेच दुसरी म्हणाली, मग मडक्यात हात घालणारा कोण? अख्खी कॅम्पेन त्या मडक्यावर चालली. चिठ्ठ्यांत घोळ करणारा शेवटी सापडला आणि तो कुणालाही वाटला नव्हता असा निघाला.

---

नांगरट | बुधवार, दुपारी २:३५

तिरकीरेघ, लिहिलंत ते बरं केलंत, पण मी असतो तर उलट म्हटलं असतं. मला ते जगात हवं असतं. आमच्या घरच्यांनी ज्याच्याशी झगडा केला तेच नसलेल्या जगात मी कशाशी झगडू, ड्रॅगनशी? तलवार घेऊन पाटलाच्या वाड्यात घुसायची संधी खेळात नाही मिळणार तर कुठे मिळणार. त्यामुळे "ठेवायचं की पुसायचं" याचं एक उत्तर नाही, त्या टेबलावर बसलेल्या माणसाला विचारायचं. आणि आधी विचारायचं, सगळ्यांसमोर अडचणीत आणून नाही.

---

तिरकीरेघ | बुधवार, दुपारी २:५०

हो, शेवटचं वाक्य फार खरं. आता मी सेशन झिरोच्या (खेळ सुरू व्हायच्या आधीची ठरवाठरवीची बैठक) आधी प्रत्येकाला वेगळा मेसेज करते. त्यात कारण द्यावं लागत नाही, फक्त हवं किंवा नको.

---

जुना_गडी | बुधवार, रात्री ९:००

मी फॅशन म्हटलं ते चुकलंच, आठवायला बसलो तर हे पहिल्यापासूनचं आहे. डी अँड डी १९७४ ला छापून आलं, त्याच्या आधीपासून मिनेसोटात डेव्ह आर्नेसनच्या (डी अँड डीच्या दोन जनकांपैकी एक) ब्लॅकमूर या जगात काही प्लेअर आपापल्या जहागिऱ्या सांभाळत होते. आणि आपण आजही वापरतो ते मंत्र बघा. मेल्फचा ॲसिड ॲरो आहे ना, तो मेल्फ म्हणजे दुसरा जनक गॅरी गायगॅक्स, त्याच्या मुलाचं कॅरेक्टर, आणि त्याचं नाव म्हणे कॅरेक्टर शीटवरच्या "एम" आणि "एल्फ" वरून पडलं, म्हणजे पुरुष आणि एल्फ, एवढंच. ड्रॉमिज हा जिम वॉर्डचा उलटा. इतकी वर्षं लोक ज्यांना प्राचीन महान जादूगार समजतायत ती पोरांनी टेबलावर टाकलेली नावं. घाटमाथा, तुझे मोठे साहेब त्यामानाने बरे.

तेव्हा त्यांना फेकू नकोस. राजघराण्याचं खरं नाव उच्चारलं तर शिक्षा होते म्हणून सगळे मोठे साहेब म्हणतात, असं कर. झालं, चूक नाही, लोर (त्या जगाची आख्यायिका) झाली.

---

वीस_बाजू | बुधवार, रात्री ९:२२

काका, हा झब्बू नाही, षटकार आहे.

---

साळुंकी | गुरुवार, सकाळी ७:१५

+१. घाटमाथा, कामाच्या दोन गोष्टी सांगते आणि मग गप्प बसते. एक, टेबलावर एक चिटणीस नेमा, तुम्ही सोडून दुसरा. जे ठरेल ते त्याने एका पानावर लिहायचं, पाठपोट एकच पान, भरलं की काहीतरी खोडल्याशिवाय नवीन घालता येत नाही. प्रत्येक ओळीपुढे ती कुणी सांगितली त्याची खूण. दोन, कुणाची गोष्ट मोडायची असेल तर आधी त्यालाच विचारा. आमच्यात एकाने आपलं बालपणीचं गाव इतकं प्रेमाने सांगितलं होतं आणि मी हौसेने ते पहिल्याच सेशनला जाळलं. गोष्ट म्हणून बरोबरच होतं. पण तो पुढे कधी काही सांगेना. विचारलं की म्हणायचा "तूच ठरव". दुसऱ्या कॅम्पेनपर्यंत तसाच.

---

मालवणी_मासा | गुरुवार, सकाळी १०:०२

ह्या खरा. दिलेलं वापरा, पण चुलीत घालू नका.

---

घाटमाथा | सोमवार, रात्री ११:५०

मंडळी, काल बसलो. वृत्तांत देतो, उशीर झालाय पण झोप येत नाहीये.

मायक्रोस्कोप किंवा क्वायट इयर पूर्ण खेळायला वेळ नव्हता (डोहाळजेवण झालं, आता बारसं), म्हणून उचलेगिरी केली. तिरकीरेघ यांचं ऐकून आधी वेगवेगळे मेसेज केले, दोघांनी "नको" मध्ये एकेक गोष्ट लिहिली जी मला स्वप्नातही सुचली नसती. मग होय-नाहीचा कागद, दहा मिनिटं. उडती बेटं नाहीमध्ये गेली, ज्याने आणली होती त्यानेच टाकली. मग मोठा कागद, मी फक्त एक नदी आणि एक घाट काढला, बाकी कोरं. साठ पानांतलं एकच वाक्य घेतलं, की दोन चंद्र आहेत.

मग साळुंकीताईंच्या वहीतले प्रश्न, पाळीपाळीने. "कुणाकडून उसनं घ्यायचं नाही?" ला एकाने सांगितलं, धाकट्या चंद्राच्या रात्री कुणाकडूनच नाही, कारण त्या रात्री घेतलेलं उसनं फिटत नाही. लगेच दुसरी म्हणाली, आणि आत्याचं उधारीचं खातं सगळं त्याच रात्रीचं आहे. सगळे एकदम, व्हय म्हाराजा. (हो, शिकवलं त्यांना.) म्हणजे गावातला अर्धा माणूस आत्याचा कायमचा देणेकरी निघाला, आणि घाटावरून खाली सैन्य उतरतंय ते आत्याच्या वसुलीचं आहे की मोठ्या साहेबांचं हे अजून कुणालाच माहीत नाही, मलाही कालपर्यंत नव्हतं. आज दुपारी ऑफिसात बसून ठरवलं, सांगणार नाही, आमच्यातले दोघं हा धागा वाचतात.

एक फसलं पण. पिस्तुलंवाला पूर्ण वेळ थोडा बाहेरच राहिला, त्याला विचारलं की "चालेल, तुम्ही ठरवा" म्हणायचा. शेवटी निघताना चपला घालता घालता म्हणाला, मला सुचत नाही रे पटकन, समोर सगळे बघत असले की. घरी जाऊन पाठवू का? म्हटलं पाठव. आत्ता साडेअकराला त्याचा मेसेज आला, अकरा ओळी, घाटातल्या जकातवाल्यावर. त्याला डोळ्यांनी दिसत नाही, नाणं हातात घेऊन ते शेवटचं कुणाच्या खिशात होतं ते सांगतो, आणि आत्याकडून आलेलं नाणं तो घेत नाही. का ते त्याने लिहिलेलं नाही. खाली फक्त "हे तू ठरव" आणि एक अंगठा.

चिटणीसबाईंना विचारलं पानावर जागा आहे का. म्हणाल्या एक ओळ खोडावी लागेल, कुठली ते रविवारी बोलू.